जुन्या साड्या-चादरींची सतरंजी: घरच्या मागावर पहिल्यांदा विणताना

जुन्या सुती साडीच्या आपल्या घरात वाटा ठरलेल्या आहेत. बोहारीण दारात आली की पातेल्याच्या बदल्यात जाते, घरात कुणाला टाके घालायची हौस असेल तर गोधडीत जाते, नाहीतर फाडून ओटा पुसायला. गोधडीला निदान हात-दोन हात सलग धड कापड लागतं. मध्येच टरकलेली, डाग पडलेली, इस्त्रीने जळलेली साडी तिथे चालत नाही. सतरंजीला चालते, कारण तिला फक्त पट्टी हवी असते आणि पट्टी कशातूनही निघते. चादरी, परकर, लुंग्या, टी-शर्ट, उशांचे अभ्रे, सगळं खपतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. चिंध्यांची सतरंजी म्हटलं की सगळं लक्ष चिंध्यांकडे जातं. पण चिंधी फुकट मिळते आणि झिजली तर तेवढीच काढून दुसरी घालता येते. सतरंजी टिकते ती उभ्या धाग्यांवर, म्हणजे ताण्यावर. तो नवा, दणकट आणि विकतचा घ्या. 'सगळंच जुन्यातून केलं' असं सांगायला छान वाटतं म्हणून घरात पडलेल्या सुतळीवर भागवायचा मोह होतो. तागाची सुतळी पायाखाली घासून आणि भिजून-वाळून लवकर तुटते, आणि एक उभा धागा तुटला की त्याच्या आजूबाजूच्या पट्ट्या ढिल्या पडायला लागतात.

खाली दिलेली रीत २ बाय ३ फुटांच्या सतरंजीची आहे. पलंगाशेजारी, देवासमोर बसायला किंवा स्वयंपाकघरात ओट्यापुढे टाकायला हे माप बरं. यापेक्षा मोठी पहिल्या खेपेला करू नका. रुंदी वाढली की हात पोचत नाही आणि कडा सांभाळणं फार अवघड जातं.

माग म्हणजे काय, तर एक चौकट

पायाच्या पट्ट्या आणि फणी असलेला खरा हातमाग यासाठी लागत नाही. चार लाकडी पट्ट्यांची मजबूत चौकट पुरते. राजस्थान-हरियाणात पंजा दरी (लोखंडी पंजाने ठोकून विणलेली सतरंजी) विणणारे कारागीरही मुळात आडव्या चौकटीवरच ताणा ओढून काम करतात. जोधपूरजवळच्या सालावास गावातल्या दऱ्या अशाच विणल्या जातात.

सुताराकडून २ बाय २ इंच जाडीच्या पट्ट्या घ्या. वरच्या आणि खालच्या पट्टीवरच्या खिळ्यांमध्ये ३६ इंच अंतर हवं. बाजूच्या पट्ट्या एकमेकींपासून ३० इंचांवर ठेवा, म्हणजे २४ इंचांच्या विणीच्या दोन्ही अंगांना हात फिरायला जागा राहते. कोपऱ्यांना नुसते खिळे ठोकून भागत नाही. स्क्रू आणि लोखंडी एल-पट्ट्या लावा. ताण्याचे जवळपास शंभर धागे एकाच वेळी चौकट आत ओढत असतात, त्यांचा एकत्रित जोर चांगला चाळीस-पन्नास किलोंच्या घरात जातो. फोटोफ्रेमच्या बारीक लाकडाला तो झेपत नाही, मधोमध वाकतं. मग मधले धागे सैल आणि कडेचे घट्ट अशी वीण होते.

सुताराकडे गुण्या असतो, तुमच्याकडे नसेल तर दोन्ही कर्ण मोजा. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली दोन्ही अंतरं सारखी भरली की चौकट काटकोनात आहे. घरात लोखंडी खाटेची मोकळी चौकट पडून असेल तर तीही चालेल, फक्त तिला वर-खाली लाकडी पट्टी तारेने घट्ट बांधून घ्या म्हणजे खिळे मारता येतील.

खिळे दीड इंची. निम्मा खिळा लाकडात, निम्मा बाहेर, आणि डोकं किंचित बाहेरच्या दिशेला कललेलं, म्हणजे दोरी निसटत नाही. दर अर्ध्या इंचाला एक, असे २४ इंचांत ४९ खिळे वर आणि तितकेच खाली. सगळे एका रेषेत ठोकलेत तर लाकडाला रेघेने चीर जाते. म्हणून एक खिळा रेषेवर, पुढचा पाव इंच मागे, असे नागमोडी मारा. आधी पेन्सिलीने खुणा करा, डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका. खालच्या पट्टीवरच्या चुका वर विणीत दिसतात.

कापड निवडणं, फाडणं आणि जोडणं

पट्ट्या तयार करायला विणण्याइतकाच वेळ लागतो, कधी जास्तच. हे ठाऊक असलं की चिडचिड होत नाही. टीव्हीसमोर बसून करण्याजोगं हेच काम आहे.

किती कापड लागेल? या मापाला साधारण १३० ते १४० मीटर पट्टी जाते. साडीचा पन्हा ४५ इंच धरला आणि २ इंचांच्या पट्ट्या फाडल्या तर एका पाचवारीतून बावीस पट्ट्या, म्हणजे सव्वाशे मीटरच्या आसपास निघतात. एक साडी थोडी कमीच पडते. दुसरी हाताशी असू द्या. चादरीचं कापड जाड, त्यामुळे तिची पट्टी सव्वा इंचच ठेवायची. एकेरी चादरीतून शंभर-एकशे दहा मीटर मिळते. वजनावर सांगायचं तर पाऊण ते एक किलो कापड गाठीला असलं की मध्येच अडत नाही.

सुतीबरोबर सुतीच घ्या. पॉलिस्टरची साडी दिसायला झळाळते, पण पट्टी सुळसुळीत असल्याने वीण घट्ट बसत नाही, पाय घसरतो आणि पाणीही शोषलं जात नाही. सुती आणि सिंथेटिक पट्ट्या एकाच सतरंजीत मिसळल्या तर धुतल्यावर एक आटते, दुसरी आटत नाही, आणि सतरंजी लाटांसारखी उचलली जाते. जरीचा काठ टाळाच, त्याच्या सुटलेल्या तारा तळपायाला ओरखडतात. सोलापुरी चादरीचाही यासाठी बळी देऊ नका. तिची वीण जाड, पट्टी नीट फाटत नाही, कापली तर कडेने धागे सुटत राहतात, आणि खरं सांगायचं तर ती तशीच जमिनीवर अंथरली तरी आणखी काही वर्षं काम देते.

कापड विरलेलं आहे का हे हाताने पाहा. पट्टीची दोन टोकं धरून झटक्याने ओढा. 'टर्र' करून तुटली तर ती फडक्यांच्या गठ्ठ्यात. साडीचा बसायचा भाग बहुतेक वेळा विरलेला असतो, पदर आणि निऱ्यांचा भाग धड असतो. त्यामुळे अख्खी साडी टाकायची गरज नाही.

फाडण्याआधी सगळं धुऊन घ्या. रंगाची शंका असेल तर चिंधी भिजवून पांढऱ्या फडक्यात दुमडा आणि वरून इस्त्री फिरवा. फडक्याला डाग लागला तर ते कापड दोन-तीनदा वेगळं धुवा, तरीही लागला तर फिकट रंगांच्या शेजारी वापरू नका. गडद लाल आणि निळ्याबाबतीत ही कसरत टाळू नये.

आता साडी. प्रथम फॉल उसवून काढा. त्याचे टाके राहिले तर फाडताना पट्टी तिथेच अडते आणि तिरपी जाते. मग साडीच्या आडव्या टोकाला, पदराच्या बाजूला, काठापासून सुरुवात करून दर दोन इंचांवर कात्रीने दोन-तीन इंचांची चीर द्या. हे करताना मोजपट्टी टेकवून मोजा. चिरा दिल्यावर लांबीच्या दिशेने, काठाला समांतर फाडायचं, म्हणजे प्रत्येक पट्टी सलग साडेपाच मीटर निघते आणि जोड कमी लागतात. दोघांनी मिळून फाडायची एक गंमत आहे. सहा-आठ चिरा सुटल्या की पहिली, तिसरी, पाचवी जीभ एकाने हातात घ्यायची, दुसरी, चौथी, सहावी दुसऱ्याने, आणि दोघांनी विरुद्ध दिशांना चालायला लागायचं. एका दमात सगळ्या पट्ट्या सुटतात. मुलांना हे काम द्या, ती खूश.

फाडलेल्या पट्टीच्या कडेला लोंबणारे धागे राहतात. लांबलचक असलेले ओढून काढा, बाकीचे राहू द्या, ते विणीत दबतात. फाडताना बारीक सुताचे कण उडतात. गच्चीवर किंवा गॅलरीत बसा आणि नाकाला रुमाल बांधा. दमा असलेल्या माणसाने फाडायच्या वाटेला जाऊ नये, कात्रीने कापावं.

टी-शर्ट फाटत नाही, कापावाच लागतो. काखेखालचा नळकांड्यासारखा भाग घ्या, खालची शिवण काढून टाका आणि एका कडेपासून गोल-गोल, एक इंच रुंदीने कापत जा. एकच लांब पट्टी निघते. ती ताणून ओढली की दोन्ही कडा आत वळून दोरीसारखी गोल होते. जीन्सला मात्र पाऊण इंचाच्या वर जाऊ नका, एवढी जाड चिंधी बाकीच्यांत उठून दिसते. बटणं, हुक, इलॅस्टिक आधीच काढा. बटणं डब्यात जातील हे सांगायला नको.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी ही. वेगवेगळ्या कापडांच्या पट्ट्या पिळून एकमेकींशेजारी धरा. पिळल्यावर सगळ्या साधारण पेन्सिलीइतक्या जाड दिसल्या पाहिजेत. रुंदी सारखी असण्याला काही अर्थ नाही, पिळलेली जाडी सारखी हवी. साडी दोन इंच, चादर सव्वा इंच, टी-शर्ट एक इंच ही मापं याच चाचणीतून येतात. तुमच्या कापडाला ती थोडी बदलतील. एक ओळ जाड आणि पुढची बारीक पडली तर सतरंजी जमिनीवर टेकत नाही.

जोड देण्याच्या दोन-तीन पद्धती चालतात. दोन्ही टोकांना काजासारखी चीर देऊन एकात एक ओवायची पद्धत सगळ्यात झटपट, पण तिथे गाठ येते आणि ती तळपायाला कळते. शिलाई मशीन असेल तर दोन टोकं एकमेकांवर काटकोनात ठेवून तिरकी शिवण मारा आणि जादा कोपरा कापून टाका. मला मात्र तिसरी पद्धत पसंत आहे: काहीच जोडायचं नाही. पट्टीचं टोक तिरकं, निमुळतं कापायचं, पुढच्या पट्टीचंही तसंच, आणि विणताना तीन-चार इंच एकमेकांवर घालायचं. ठोकल्यावर जोड शोधूनही सापडत नाही.

ताणा ओढणं

दोरी सुती, दीड ते दोन मिलिमीटर जाड, तीन पदरी पीळ असलेली. मॅक्रमेच्या, म्हणजे दोरीच्या गाठींच्या कलाकामाच्या, दुकानात मिळते, पण तिथे एकपदरी, मऊ, लगेच पिंजली जाणारी दोरीही असते, ती घेऊ नका. ओळखायची कशी? टोक बोटांनी उलट पिळा. तीन वेगळे पदर सुटले तर ठीक, कापसासारखी फुलली तर ठेवून द्या. नायलॉनची दोरी तुटत नाही हे खरं, पण ती ताणली जाते आणि चिंधी तिच्यावरून सरकते. ताण्याला ९० मीटर लागतात, दोन्ही टोकांना दोरीचीच एकेक इंच वीण घालायची असते तिला आणखी दहा मीटर, आणि थोडी शिल्लक. सव्वाशे मीटर घ्या. मध्येच संपली तर दुसऱ्या गुंडाळीचा पीळ वेगळा निघतो.

सुरुवात खालच्या डाव्या खिळ्याला गाठ मारून. दोरी सरळ वर न्या, वरच्या पहिल्या खिळ्याला वळसा, खाली आणून दुसऱ्या खिळ्याला वळसा, पुन्हा वर. असं उजवीकडे सरकत जा. प्रत्येक खिळ्यावर एक धागा डावीकडून आणि एक उजवीकडून जातो, हे पुढे मोजायला फार सोयीचं पडतं. पहिल्या आणि शेवटच्या खिळ्यावर दोरी दोनदा न्या. काठाचा धागा दुहेरी असला की सगळ्यात जास्त झीज होते तिथे बळ राहतं.

ओढायला लागण्याआधी वरच्या पट्टीवर, खिळ्यांच्या आतल्या बाजूला, एक बारीक काठी आडवी ठेवा, म्हणजे ताणा तिच्यावरून जाईल. तिचा उपयोग शेवटाला कळेल.

एकदा सगळा ताणा चढला की डावीकडून सुरुवात करून एकेक धागा बोटाने घट्ट करत उजवीकडे या आणि शेवटी ओढून गाठ मारा. तळहात पूर्ण रुंदीवर फिरवून पाहा. एखादा धागा हाताखाली बसतो, एखादा उंच राहतो, ते लगेच कळतं. बोटाने छेडलं तर सगळ्यांचा सूर जवळपास एक लागला पाहिजे. इथे अर्धा तास जास्त घालवा. ताण्याचा ढिलेपणा विणून भरून निघत नाही.

फट पाडायची सोय

एकेक धागा उचलून खालून-वरून चिंधी घालता येते, पण शंभर धाग्यांवर ते केलं की दुसऱ्या दिवशी माग कोपऱ्यात जातो. म्हणून दोन साधनं, पण ती लावण्याआधी पुढच्या भागात सांगितलेली वरच्या टोकाची दोरीची वीण उरकून घ्या.

पहिलं, तीन इंच रुंद पातळ लाकडी पट्टी. वरच्या प्रत्येक खिळ्याचा डावा धागा तिच्या वर आणि उजवा खाली, अशी ती ताण्यातून ओवा आणि वरच्या अंगाला सरकवून ठेवा. ती कडेवर उभी केली की सगळे डावे धागे पुढे येतात आणि मध्ये फट पडते.

दुसरं, उजव्या धाग्यांसाठी. झाडूची जुनी काठी घ्या. प्रत्येक उजव्या धाग्याभोवती बारीक पण मजबूत सुती दोऱ्याचा फास घालून तो काठीला बांधा. साधारण ४८ फास होतील आणि सगळ्यांची लांबी सारखी हवी. त्यासाठी दोन इंच रुंदीचा पुठ्ठा धागा आणि काठी यांच्यामध्ये धरून प्रत्येक फास त्यावरूनच बांधा. ही काठी लाकडी पट्टीच्या खालच्या बाजूला, तुमच्या जवळ राहते. लाकडी पट्टी आडवी पाडली आणि काठी पुढे ओढली की उजवे धागे वर येतात. झाली दुसरी फट. एक ओळ पट्टी उभी करून, पुढची काठी ओढून. एवढंच तंत्र.

धोटा, म्हणजे चिंधी फटीतून पलीकडे नेणारं साधन, म्हणून जुनी लाकडी फुटपट्टी छान. दोन्ही टोकांना व्ही आकाराची खाच करा आणि चिंधी तिच्यावर गुंडाळा. फार गुंडाळू नका, जाडजूड धोटा फटीतून जात नाही.

विणायला बसणं

फास बांधण्याआधीच एक काम उरकून टाकायचं. वरच्या खिळ्यांच्या लगत ताण्याच्याच दोरीने एक इंच वीण सुईने घालून ठेवा, कारण शेवटी तिथे हात शिरत नाही. तसाच एक इंच आता खाली, खिळ्यांना अगदी चिकटून. चिंध्या या दोन दोरीच्या पट्ट्यांच्या मध्ये कोंडल्या जातात. त्या नसतील तर टोकाच्या ओळी वापरात सुटतात.

चौकट भिंतीला तिरकी टेकवा किंवा दोन स्टुलांवर आडवी ठेवा. पाठीला कुठलं सोसतं ते तुमचं तुम्हीच बघा.

पहिली चिंधी फटीतून सरकवली की ती सरळ आडवी ओढायची नाही. पहिल्यांदा विणणारे सगळे तेच करतात, कारण सरळ ओढलेली ओळ नीटनेटकी दिसते. पण चिंधीला ताण्याच्या धाग्यांना वळसे घालत वर-खाली जायचं असतं, त्यासाठी तिला जादा लांबी लागते. ती नाही मिळाली तर चिंधी कडेचे धागे आत ओढते. सुरुवातीला २४ इंच असलेली सतरंजी मध्यावर २१ इंच होते. म्हणून चिंधी तिरकी घालून मधोमध दोन-अडीच इंच उंच कमान करा, बोटाने ती कमान तीन-चार ठिकाणी दाबून छोट्या कमानी पाडा, आणि मग ठोका.

ठोकायला दरी विणणारे लोखंडी पंजा वापरतात, जाड दातांचा आणि वजनदार. घरी जेवणाचा दणकट काटा चालतो. फट उघडी असतानाच एकदा ठोका, मग फट बदलून पुन्हा ठोका. बदललेली फट आधीच्या ओळीला धरून ठेवते, त्यामुळे ती परत वर येत नाही. ताणा जवळजवळ झाकला गेला पाहिजे. एका इंचात पाच-सहा ओळी बसत असतील तर हात योग्य पडतोय. चारच बसत असतील तर सतरंजी पिशवीसारखी लुळी होईल.

फाडलेल्या पट्टीची कच्ची कड आत जावी म्हणून घालताना चिंधी हलकी दुमडत किंवा पिळत चला. सगळीकडे सारखंच करा: एकतर सगळी पिळलेली, नाहीतर सगळी दुमडलेली. पिळलेली सतरंजी टणक होते आणि ठिपकेदार दिसते, दुमडलेली मऊ राहते आणि रंगाचे सलग पट्टे देते. देवासमोर बसायला दुमडलेली, दाराशी पाय पुसायला पिळलेली.

रंगांबद्दल थोडंच सांगते. सुरुवातीलाच प्रत्येक रंगाचे तीन सारखे ढीग करा आणि सतरंजीच्या तळाला, मधे आणि वर एकेक वापरा. असं केलं नाही तर लाल मध्यातच संपतो आणि वरचा भाग दुसऱ्याच सतरंजीचा वाटतो. साडीचा बिनजरीचा काठ टोकाजवळच्या ओळींना ठेवलात तर विणल्यावरही त्याची नक्षी तुकड्या-तुकड्यांनी डोकावते. नवा रंग कधीही कडेला सुरू करू नका, दोन-तीन इंच आतून सुरू करा. कडेला जोड आला की तिथे जाड गोळा होतो.

कडा

इतर काही जमलं नाही तरी चालेल, कडा जमायला हव्यात. वळताना चिंधीला अर्धा पीळ द्या, म्हणजे कच्ची बाजू आत जाते, आणि शेवटच्या दुहेरी धाग्याला ती टेकेल इतकीच ओढा. धागा जागचा हलता कामा नये.

बरोबर २४ इंच लांबीची काठी कापून जवळ ठेवा. दर चार इंच विणून झाले की ती आडवी लावून बघा. मग त्या जागी कडेच्या धाग्यातून दोरी ओवून बाजूच्या लाकडी पट्टीला बांधा, दोन्हीकडे. आधीच्या चार इंचांची दोरी सोडायची नाही, शेवटपर्यंत तशीच ठेवायची. अर्धा इंच आत गेलं असेल तर तेवढी वीण उसवा. पुढच्या ओळी सैल घालून आधीची चूक सुधारेल असं वाटतं, पण मग मधे कंबर असलेली सतरंजी हातात येते.

शेवटचे सहा इंच

वरच्या बाजूला चार-पाच इंच उरले की फट लहान होत जाते आणि धागे फार ताठतात. सुरुवातीला ताण्याखाली ठेवलेली बारीक काठी आता ओढून काढा. धागे थोडे सैलावतात आणि हात पुन्हा चालतो. मग लाकडी पट्टी आणि फासांची काठीही काढावी लागते. तिथून पुढे नाडी घालायची मोठी सेफ्टी पिन चिंधीच्या टोकाला लावून खालून-वरून ओवत जा. काम संथ होतं. घाई करून दोन इंच मोकळे सोडले तर खिळ्यांवरून काढल्यावर ती सगळी वीण सैल पसरते. आणखी एक ओळ बसेल का असं वाटेल, तिथे आणखी दोन बसतात. काट्याने दाबून बसवा.

कडेच्या सगळ्या दोऱ्या सोडा आणि टोकांचे फासे एकेक करून खिळ्यांवरून उचला, आधी वरचे, मग खालचे. काहीही कापायचं नाही, त्यामुळे गाठीही मारायच्या नाहीत. ताण सुटल्यावर लांबी दोनेक इंचांनी कमी होते, ते गृहीत धरा. दोन्ही टोकांचे दोरीचे फासे विणीत बोटाने नीट बसवा, सुटी टोकं सुईने दोन-तीन इंच आत ओवा. झालर हवी असेल तर मात्र आधीपासून वेगळं ठरवावं लागतं: दोन्हीकडे चार-चार इंच ताणा न विणता सोडायचा, फासे कापायचे आणि चार-चार धाग्यांची गाठ मारत जायची. मला झालर जमिनीवर आवडत नाही. केरसुणी अडकते.

धुणं, वापर, डागडुजी

पहिलं धुणं थंड पाण्यात आणि एकटीचं. थोडा रंग सुटतोच. सतरंजी भिजली की वजन चांगलंच वाढतं, म्हणून दोरीवर एका टोकाने टांगू नका, ताणा लांबतो. दोन दोऱ्यांवर आडवी टाका किंवा कठड्यावर पसरवा, शक्यतो सावलीत. पिळायची नाही, गुंडाळी करून वरून दाबून पाणी काढायचं. फिनलंडमध्ये चिंध्यांच्या सतरंज्या घरोघरी असतात आणि हेलसिंकीत त्या धुण्यासाठी पाण्याकाठी लाकडी टेबलं आणि पाणी काढायचे रूळ असलेले धक्केच बांधलेले आहेत. उन्हाळ्यात लोक तिथे ब्रशने सतरंज्या घासतात. आपल्याकडे हेच काम मे महिन्यात गच्चीवर उरकावं. पावसाळ्यात जाड सतरंजी दोन दिवसांतही आतून वाळत नाही आणि कुबट वास धरते, त्यामुळे जून ते सप्टेंबर बाथरूमच्या दाराशी ही ठेवू नका, तिथे टी-शर्टची पातळ विणलेली बरी.

गुळगुळीत टाइल्सवर सुती सतरंजी सरकते. घरात म्हातारी माणसं असतील तर खाली रबराची जाळी टाकल्याशिवाय ती अंथरूच नका. बाजारात कार्पेटखाली घालायची म्हणून मिळते, कात्रीने मापात कापता येते.

एखादी चिंधी झिजून तुटली तर ती दोन-तीन इंच मागून काढा आणि त्याच रंगाची नवी पट्टी पिन लावून त्याच वाटेने ओवा. कडेचा ताण्याचा धागा तुटला तर वेळ घालवू नका, त्याच आठवड्यात दुरुस्त करा. त्यासाठी ताण्याची उरलेली दोरी जपून ठेवलेली असावी. मोठ्या सुईत ती घ्या, तुटलेल्या जागेच्या तीन इंच खालून जुन्या धाग्याला लागून शिरा, प्रत्येक ओळीत जुन्या धाग्यासारखंच वर-खाली जात तीन इंच वर बाहेर पडा, आणि दोन्ही टोकं आत ओवा. गाठ मारायची नाही.